सव्वादोनशे कोटी वाटायचे होते, पण कुणाला द्यायचे ते तिने 50 अनोळखी लोकांवर सोडलं

जानेवारी 2024. ऑस्ट्रियातल्या 10 हजार लोकांच्या पत्त्यावर एक पत्र येऊन पडलं. मजकूर साधारण असा होता : एका बाईंना वारशात भरपूर पैसे मिळालेत, त्यातले अडीच कोटी युरो त्यांना समाजाला परत द्यायचेत आणि ते कुठे द्यायचे हे ठरवायला तुम्ही याल का?

आपल्याकडे असं पत्र आलं असतं, तर 'केबीसीची लॉटरी लागली' टाईपचा फ्रॉड समजून लोकांनी ते फॅमिली ग्रुपवर 'सावधान' लिहून फॉरवर्ड केलं असतं. पण हे पत्र खरं होतं. पाठवणाऱ्या बाईंचं नाव मार्लेन एंगेलहॉर्न, तेव्हा वय 31. आणि अडीच कोटी युरो म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास सव्वादोनशे कोटी रुपये.

श्रीमंतांनी दान करणं यात नवीन काही नाही. बिल गेट्स करतात, अझीम प्रेमजी करतात, टाटा ट्रस्टला तर शंभर वर्षं होऊन गेली. पण मार्लेनने पैशासोबत आणखी एक गोष्ट सोडली. ती म्हणजे पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायचा अधिकार. जगभरात अशी तरुण वारसदार मंडळी वाढताना दिसतायत, जी म्हणतात की आम्ही किती देतो हा प्रश्नच नाहीये, आम्हीच का ठरवतो हा प्रश्न आहे.

हे नेमकं काय प्रकरण आहे, ते आधी बघू.

एवढा पैसा आला कुठून?

मार्लेनचे पूर्वज फ्रेडरिक एंगेलहॉर्न. 1865 मध्ये त्यांनी जर्मनीत एक रंग आणि केमिकल बनवणारी कंपनी काढली. आज ती 'बीएएसएफ' या नावाने ओळखली जाते आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या केमिकल कंपन्यांमध्ये मोडते. पुढे या कुटुंबाचा पैसा 'बोरिंगर मानहाइम' या औषध कंपनीत होता. 1997 मध्ये ती कंपनी स्वित्झर्लंडच्या 'रोश'ने विकत घ्यायचं ठरवलं, सौदा होता सुमारे 11 अब्ज डॉलर्सचा.

मार्लेनची आजी ट्राउडल एंगेलहॉर्न-वेकियाटो या त्या संपत्तीच्या एक मोठ्या वाटेकरी. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा 'फोर्ब्स'च्या अंदाजाने त्यांची संपत्ती 4.2 अब्ज डॉलर्स होती. त्यातला काही कोटींचा हिस्सा नातीकडे आला.

व्हिएन्ना विद्यापीठात जर्मन भाषा आणि साहित्य शिकलेल्या या नातीने मात्र आजी हयात असतानाच, 2021 मध्ये, जाहीर करून टाकलं होतं की वारशात येईल त्यातलं किमान 90 टक्के मी देऊन टाकणार. तिचं म्हणणं सरळ होतं. या पैशासाठी मी काहीही केलेलं नाही, जन्माला आले एवढंच. त्या पैशासोबत सत्ताही येते, आणि सरकार त्यावर एक पैसा कर मागत नाही.

यातली कराची गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे. ऑस्ट्रियात वारसा कर होता. 2007 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यातल्या मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या पद्धतीवर बोट ठेवलं आणि कायद्यातली तरतूद रद्द केली. तिथल्या संसदेने नवीन कायदा करायला हवा होता, तो केला नाही. 1 ऑगस्ट 2008 पासून कर आपोआप संपला. म्हणजे तिथे पगारावर कर आहे, पाव विकत घेतला तर त्यावर कर आहे, पण कोट्यवधी युरो आजीकडून नातीकडे आले तर त्यावर शून्य.

म्हणून मार्लेन फक्त दान करून थांबली नाही. 'टॅक्स मी नाऊ' नावाचा श्रीमंतांचाच एक गट जर्मन भाषिक देशांत उभा राहिला, त्याच्या संस्थापकांपैकी ती एक. नावाचा अर्थच 'माझ्यावर आता कर लावा'. 2022 मध्ये दावोसला जगभरातले बडे लोक जमले होते, तेव्हा ही मुलगी बाहेर श्रीमंतांवर कर लावा असा फलक घेऊन उभी होती.

50 लोक, सहा वीकेंड आणि एक अट

सरकार कर घेत नाही, मग आपणच पैसे वाटू. इथपर्यंत ठीक. पण मार्लेनसमोर अडचण वेगळी होती. तिने स्वतः बसून संस्थांची यादी काढली असती, तर पुन्हा तेच झालं असतं. एका श्रीमंत बाईला जे प्रश्न महत्त्वाचे वाटतात, त्यांनाच पैसे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

म्हणून ती 10 हजार पत्रं गेली. 16 वर्षांवरच्या कुणालाही, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी. ज्यांनी होकार कळवला, त्यांच्यातून 50 जण निवडले गेले, शिवाय 15 जण राखीव. निवड करताना वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, राहण्याचा भाग वगैरे बघितलं गेलं, म्हणजे ऑस्ट्रियाच्या लोकसंख्येची एक छोटी प्रतिकृतीच त्या खोलीत बसेल.

या गटाचं नाव 'गुटर रात'. जर्मनमध्ये 'रात' या शब्दाचे दोन अर्थ होतात, सल्ला आणि परिषद. 'चांगला सल्ला महाग पडतो' अशी तिकडे म्हणही आहे. पुढे जोडलेला शब्द होता 'र्‍युकफरटायलुंग', म्हणजे 'परत वाटणं'. नुसतं 'वाटणं' नाही, तर 'परत' वाटणं. मुळात हे समाजाचंच होतं, ते माघारी चाललंय, हा त्यातला रोख. शब्द असा मुद्दाम निवडणं हे साहित्य शिकल्याचा फायदा म्हणायचं.

मार्च ते जून 2024 या काळात साल्झबर्गमध्ये सहा वीकेंड ही मंडळी बसली. प्रत्येकाला एका वीकेंडचे 1,200 युरो मानधन. येण्याजाण्याचा खर्च, लहान मुलं सांभाळायची सोय, भाषेची अडचण असेल तर दुभाषी, हे सगळं दिलं गेलं.

हे मानधन वाचून कुणाला वाटेल, चांगल्या कामाला पैसे कशाला हवेत? पण विचार करा. शनिवार-रविवार हॉटेलात वाढपी म्हणून काम करणारा माणूस, दोन लहान मुलं एकटीने वाढवणारी आई, हे फुकट येऊ शकले असते का? मानधन नसतं तर त्या खोलीत निवृत्त प्राध्यापक आणि हौशी समाजसेवकच दिसले असते. अधिकार देतो असं म्हणणं सोपं असतं. तो वापरता यावा यासाठी माणसाची सुट्टी, त्याचं भाडं आणि त्याच्या मुलाचं पाळणाघर याचा हिशोब करावा लागतो. नुसत्या मानधनाचा आकडा काढला तरी 50 जणांचे सहा वीकेंडचे 3 लाख 60 हजार युरो होतात.

नियम थोडेच होते. नफा कमावणाऱ्या कंपन्यांना पैसे द्यायचे नाहीत, राजकीय पक्षांना नाहीत, राज्यघटनेच्या विरोधात किंवा माणसांचा द्वेष पसरवणाऱ्यांना नाहीत, आणि स्वतःला किंवा स्वतःच्या माणसांना तर नाहीतच. बाकी रान मोकळं. मार्लेनला मत नव्हतं आणि व्हेटोही नव्हता. एकच मोठी अट होती. गटात व्यापक एकमत झालं नाही, तर पैसे परत तिच्याकडे.

ही अट गमतीशीर आहे. भांडत बसलात तर पैसे ज्या हातातून निघाले त्याच हातात जाणार. त्यामुळे शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत, डाव्यापासून उजव्यापर्यंत सगळ्यांना कुठेतरी जुळवून घेणं भाग होतं.

18 जून 2024 ला निकाल जाहीर झाला. 77 संस्थांची यादी. सगळ्यात मोठी रक्कम, 16 लाख युरो, गेली निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या जुन्या संस्थेला. सगळ्यात छोटी होती 40 हजार युरो. बेघरांना घर मिळवून देणारी व्हिएन्नाची 'नॉइनरहाउस' ही संस्था यादीत आहे, आणि संपत्तीच्या विषमतेवर अभ्यास करणारी 'मोमेंटम' ही संस्थाही आहे. घरभाडं, शिक्षण, आरोग्य, स्थलांतरितांना सामावून घेणं, हवामान, असे विषय त्यात आले. बऱ्याच संस्थांना हे पैसे एका झटक्यात न मिळता काही वर्षांत विभागून मिळणार होते.

यादी बघून एक जाणवतं. ती फार क्रांतिकारी वगैरे नाहीये. एखाद्या नेहमीच्या फाउंडेशननेही यातल्या अर्ध्याअधिक संस्था निवडल्या असत्या. फरक यादीत कमी आणि यादीखालच्या सह्यांमध्ये जास्त आहे.

पिठाच्या पाकिटामागची गोष्ट

मार्लेन ही पहिली नाही. ही कल्पना अमेरिकेत 50 वर्षं जुनी आहे आणि तिचा एक धागा तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

पिल्सबरी आटा माहीत असेल. तो ब्रँड ज्या अमेरिकन घराण्याच्या नावाने आहे, त्या घराण्यातला जॉर्ज पिल्सबरी हा तरुण 1970 च्या दशकात वारशाच्या पैशाचं काय करावं या विचारात होता. व्हिएतनाम युद्धाविरोधातली आंदोलनं, कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा, स्त्रीमुक्ती, हे सगळं आजूबाजूला घडत होतं. 1974 मध्ये त्याने आणि त्याच्यासारख्या काही वारसदारांनी बोस्टनमध्ये 'हेमार्केट पीपल्स फंड' सुरू केला. पैसे श्रीमंत पोरांचे, पण कुणाला द्यायचे ते ठरवणार न्यू इंग्लंड भागातले कार्यकर्ते. भाडेकरूंच्या संघटना चालवणारे, कामगारांत काम करणारे लोक. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये असाच एक फंड दोन वर्षं आधी निघाला होता. 1979 मध्ये असे फंड एकत्र येऊन 'फंडिंग एक्स्चेंज' नावाचं जाळं तयार झालं. त्यांचं घोषवाक्य होतं, 'चेंज, नॉट चॅरिटी'. म्हणजे दान नको, बदल हवा.

1990 च्या दशकाच्या अखेरीस त्याच वळणाची 'रिसोर्स जनरेशन' ही संघटना आली. सदस्यत्वाची अट वाचून भुवया उंचावतील. वय 18 ते 35 आणि कुटुंब देशातल्या सगळ्यात श्रीमंत 10 टक्क्यांमध्ये हवं. ही मुलं एकत्र बसून काय करतात? आपल्या घरचा पैसा नेमका कुठून आला याची कहाणी शोधतात, ती एकमेकांना सांगतात, आणि मग तो जमीन, संपत्ती, सत्ता यांच्या वाटपासाठी लढणाऱ्या गटांकडे कसा वळवायचा ते ठरवतात. घरी आईबाबांशी याबद्दल कसं बोलायचं हाही तिथे चर्चेचा मोठा विषय असतो. लग्नात हुंडा नको सांगणाऱ्या मुलाची घरात जी अवस्था होते, तीच थोडीफार समजा.

फरहाद इब्राहिमी या तरुणाचं उदाहरण याच मालिकेतलं. वडिलांच्या सॉफ्टवेअर व्यवसायातून पैसा आला. त्याने 2006 मध्ये 'कोरस फाउंडेशन' काढलं आणि पुढे ठरवलं की हे फाउंडेशन कायम चालवायचं नाही, सगळा पैसा देऊन ते बंद करायचं. अलास्का, केंटकीचा कोळसा पट्टा, कॅलिफोर्नियातलं रिचमंड आणि न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो, अशा चार ठिकाणी त्यांनी पैसा लावला. एक-दोन वर्षांसाठी नाही, तर जवळपास दशकभराची हमी देऊन. शेवटच्या टप्प्यात तर तिथल्या लोकांचे स्वतःचे फंड उभे राहावेत यावर भर होता, म्हणजे फाउंडेशन गेलं तरी निर्णयाची जागा तिथेच राहील.

हे वेगळं का आहे? अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण 5 टक्के खर्च करावे लागतात. उरलेले 95 टक्के शेअर बाजारात वाढत राहतात. देणगी दिली त्या दिवशी करात सवलत मिळून जाते, पैसा मात्र पिढ्यान्पिढ्या फाउंडेशनच्याच ताब्यात. स्टॅनफर्डचे प्राध्यापक रॉब राइश यांनी 2018 मध्ये 'जस्ट गिव्हिंग' हे पुस्तक लिहून नेमका हाच मुद्दा मांडला : ज्या पैशावर सरकारने करसवलत दिली, तो काही अंशी जनतेचाच पैसा आहे, पण त्याच्या वापराचा जाब विचारायची सोय जनतेकडे नाही. आमदार पडतो, फाउंडेशनचा अध्यक्ष पडत नाही.

'अधिकार वाटून घेणं' म्हणजे प्रत्यक्षात काय?

आता यातला कळीचा भाग. अधिकार ही हवेतली गोष्ट नाही, ती फार छोट्या छोट्या गोष्टींत लपलेली असते.

समजा एका दुर्गम तालुक्यात मुली आठवीनंतर शाळा सोडतात. मुंबईच्या ऑफिसात बसलेल्या फंडरला वाटतं, टॅब द्यावेत, डिजिटल शिक्षण होईल. गावातल्या बायांना विचारलं तर त्या सांगतात, पुढची शाळा 12 किलोमीटरवर आहे, संध्याकाळची एसटी बंद झालीये, अंधारात मुलगी परत कशी येणार? पैसे तेवढेच. पण प्रश्न काय आहे हे कोण ठरवतंय, त्यावर उत्तर बदलतं. टॅब वाटले तर फोटो छान येतात. एसटीच्या फेरीचा फोटो काय काढणार?

मग ते प्रपोजल. इंग्रजीत लिहायचं. 'आउटकम', 'इम्पॅक्ट', 'स्केल' हे शब्द त्यात यायलाच हवेत. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट. एका मदतीतून जीपचं पेट्रोल भरता येतं, पण कार्यकर्त्याचा पगार देता येत नाही. ज्या संस्थेकडे शहरात शिकलेला, फर्डं इंग्रजी लिहिणारा माणूस आहे, तिला पैसे मिळतात. गावात 20 वर्षं काम करणाऱ्या बाईंना मिळत नाहीत. यात कुणाची नियत वाईट असते असं नाही. व्यवस्थाच तशी बसलेली आहे.

यावर ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांना मिळून 'पार्टिसिपेटरी ग्रँटमेकिंग' म्हणतात. सोप्या मराठीत, ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांनीच तो वाटायचा.

'फ्रिडा' हा 2010 मध्ये सुरू झालेला तरुण स्त्रीवादी फंड याचं एक चांगलं उदाहरण. तो आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या, तिशीच्या आतल्या मुली आणि ट्रान्स तरुण चालवत असलेल्या गटांना मदत करतो. अर्ज आले की अर्ज करणारे गटच आपल्या भागातल्या इतर गटांचे अर्ज वाचतात आणि मतं देतात. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांनीच एकमेकांचे पेपर तपासायचे. गडबड होत नाही का? होऊ शकते. पण त्यात एक गोष्ट मिळते, जी बंद खोलीतल्या कमिटीत मिळत नाही. पैसे न मिळालेल्या गटालाही शेजारच्या देशात आपल्यासारखं कोण काम करतंय, हे कळलेलं असतं. एरवी फंडरकडून 'आपल्या अर्जाबद्दल धन्यवाद' एवढा एक ईमेल येतो, कधी कधी तोही नाही.

ही पद्धत आता बड्या लोकांपर्यंतही पोहोचलीये. मॅकेन्झी स्कॉट, म्हणजे ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांच्या माजी पत्नी, यांनी 2023 मध्ये छोट्या संस्थांकडून खुले अर्ज मागवले. 6,353 अर्ज आले. पहिल्या फेरीत अर्जदार संस्थांनीच एकमेकांचे अर्ज तपासले, मग बाहेरच्या जाणकारांनी. आधी 25 कोटी डॉलर्स देण्याचं ठरलं होतं. मार्च 2024 मध्ये निकाल लागला तेव्हा 361 संस्थांना मिळून 64 कोटी डॉलर्स दिले गेले. कशावर खर्च करायचे, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

मग टीका कशावर होते?

टीका दोन्ही बाजूंनी होते, आणि ती पूर्ण चुकीची नाही.

पहिली टीका सोपी आहे. मार्लेनने 50 लोकांना अधिकार दिला खरा, पण किती पैसे द्यायचे, केव्हा द्यायचे, चौकट काय, एकमत झालं नाही तर काय, हे तिनेच ठरवलं. उद्या तिच्या मनात आलं नसतं, तर हे काहीच झालं नसतं. लोकांना निर्णय मिळाला तोही एका श्रीमंत मुलीच्या मर्जीने. गंमत म्हणजे मार्लेन स्वतःच हे मान्य करते. तिच्या मते असा उपक्रम करावा लागणं हेच व्यवस्थेचं अपयश आहे, हे काम कराने आणि संसदेने व्हायला हवं.

दुसरी टीका जास्त टोचणारी आहे. 50 सामान्य नागरिक म्हणजे 'समुदाय' नव्हे. त्यांच्यापैकी किती जण स्वतः बेघर होते? हेमार्केट किंवा फ्रिडामध्ये ज्यांचा प्रश्न आहे तेच ठरवतात. गुटर रातमध्ये देशाची सरासरी ठरवते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. चिठ्ठी टाकून निवडलेला गट निष्पक्ष असतो, पण चटका बसलेला नसतो. ज्यांना चटका बसलाय त्यांचा गट प्रश्न जाणतो, पण तिथेही गावातला वजनदार माणूस, जास्त बोलणारा कार्यकर्ता वरचढ ठरू शकतोच. ग्रामसभेत मागे बसून पदर सावरणाऱ्या बाईचं मत कितीदा नोंदलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरं, वेळ. एक अनुभवी अधिकारी आठवड्यात जे ठरवेल, त्याला इथे तीन महिने लागतात. पूर आलाय, लोक छपरावर आहेत, अशा वेळी 50 जणांची परिषद बोलवून चालत नाही.

भारतात काय चित्र आहे?

भारतात तरुण श्रीमंत देत नाहीत असं नाही. 'झेरोधा'च्या निखिल कामत यांनी 2023 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, 'गिव्हिंग प्लेज'वर सही केली. निम्म्याहून जास्त संपत्ती दान करायचं ते जाहीर वचन आहे, गेट्स आणि वॉरन बफे यांनी 2010 मध्ये सुरू केलेलं. पण ते वचन किती द्यायचं याचं आहे. कुणी ठरवायचं, यावर त्यात काही नाही.

आपल्याकडची जुनी कल्पना गांधीजींच्या विश्वस्त वृत्तीची. श्रीमंताने स्वतःला संपत्तीचा मालक समजू नये, समाजाच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त समजावं. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्यासारखी माणसं त्या विचारातून घडली. पण विश्वस्ताच्या हातात किल्ली राहतेच. मार्लेनसारख्यांचं म्हणणं त्यापुढे एक पाऊल जातं, की किल्लीच द्या.

आज भारतात सामाजिक कामासाठी येणाऱ्या खासगी पैशातला मोठा भाग सीएसआरचा आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 सांगतं की 500 कोटींची नेटवर्थ, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यातलं काहीही एक असेल तर कंपनीने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. हा निर्णय कंपनीची सीएसआर कमिटी आणि संचालक मंडळ घेतं. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, एवढं कायदा म्हणतो. त्या भागातला माणूस कमिटीत बसवा, असं म्हणत नाही.

उलट सरकारी पैशात मात्र असे काही प्रयोग झालेत, तेही महाराष्ट्रात. पुणे महापालिकेने 2006 मध्ये नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवायची सोय सुरू केली. फॉर्म भरायचा आणि आपल्या भागात फुटपाथ, दिवे, बाकडी, बसथांबा असं काय हवं ते लिहायचं. रक्कम एकूण बजेटच्या मानाने किरकोळ आहे आणि सुचवलेलं काम खरंच झालं का, हा तिथल्या नागरिकांचा कायमचा प्रश्न आहे. पण योजना टिकून राहिली.

दुसरा प्रयोग जास्त मोलाचा आणि कमी चर्चेत असलेला. राज्याच्या पेसा क्षेत्रात, म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा जिल्ह्यांतल्या अनुसूचित भागात, आदिवासी उपयोजनेचे 5 टक्के पैसे थेट ग्रामपंचायतींना द्यायचा निर्णय 2015 मध्ये झाला. त्याचं नाव 'अबंध निधी'. बंधन नसलेला निधी. कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं. जगभरातल्या फाउंडेशन ज्यासाठी आता परिषदा भरवतात, त्याला मराठी सरकारी कागदावर इतका नेमका शब्द आधीच होता, हे बघून बरं वाटतं. अंमलबजावणीच्या तक्रारी आहेत, पैसे उशिरा येतात, ग्रामसेवकाच्या सहीवाचून पान हलत नाही. पण हा निधी कुणाच्या दातृत्वावर अवलंबून नाही. तो गावाचा हक्क आहे.

वारसा कराचं काय झालं?

इथे एक योगायोग. एप्रिल 2024 मध्ये साल्झबर्गमध्ये ती परिषद सुरू होती, नेमकं तेव्हाच भारतात लोकसभेच्या प्रचारात वारसा करावरून रान पेटलं होतं. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचं उदाहरण दिलं, भाजपने ते उचलून धरलं, पंतप्रधानांनी सभांमधून टीका केली आणि काँग्रेसला ते पित्रोदांचं वैयक्तिक मत असल्याचं सांगावं लागलं. भारतात 1953 पासून असा कर होता, 'इस्टेट ड्युटी' नावाने, आणि त्याचा सर्वोच्च दर एकेकाळी 85 टक्क्यांवर गेला होता, हे त्या गदारोळात फार कुणी सांगितलं नाही. वसुलीतून मिळणारं उत्पन्न अगदीच कमी आहे, या कारणाने 1985 मध्ये अर्थमंत्री व्ही. पी. सिंह यांनी तो बंद केला.

ऑस्ट्रियात सप्टेंबर 2024 मध्ये निवडणूक झाली. सोशल डेमोक्रॅट पक्षाने मोठ्या संपत्तीवर वारसा कर लावायचं आश्वासन दिलं होतं. मार्च 2025 मध्ये हा पक्ष तीन पक्षांच्या आघाडीतून सत्तेत आला. आघाडीच्या करारात वारसा कर नव्हता.